नाइट ड्यूटी आणि तालीम

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथेच पहिलं मराठी नाटक उभं केलं. त्यामुळे आम्हा आयसीयूतल्या सिस्टर्सना नाटक बसवावंसं वाटलं, याचं मला नवल नाही.

नाइट उतरली, हँडओव्हर दिला, की चेंजिंग रूममध्ये तालीम. आमच्या मावशी जात्यावरच्या ओव्यांच्या चालीत स्वतःचं काही रचतात. बारा नंबरचे आजोबा गेले त्या पहाटे कुणीच बोलत नव्हतं. मावशींनी त्यांच्या उशाखाली सापडलेला तंबाखूचा बटवा ओवीत घातला, अन् रात्रभर कोरडी राहिलेली आमची ज्युनिअर पोर पहिल्यांदा मोकळी रडली. ते रडणं फार गरजेचं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात कला आणि आरोग्यावरचे ३००० हून अधिक अभ्यास तपासलेत. मला मात्र मावशींचा आवाज पुरतो. अर्थात, एका सिस्टरवर पेशंट किती टाकायचे हा प्रश्न गाण्याने सुटत नाही. त्यासाठी माणसंच भरायला हवीत.

प्रयोग पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी मावशींना सेकंड शिफ्ट लागलीय. ती बदलून घ्यायला उद्याच मेट्रनना भेटते.