ओली का सुकी

मे महिन्यात दुपारी बारा वाजता तेरला जाणं हा शहाणपणा नाही हे मलाही कळतं, पण गोरोबाकाकांचं दर्शन झालं होतं, परतायला वेळ होता आणि सावली फक्त म्युझियममध्ये होती. रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय. धाराशिव जिल्ह्यातलं आमच्या भागातलं हे म्युझियम, लहानपणी शंभरदा जवळून गेलो असेन, आत कधीच नाही. जवळची गोष्ट बघायची राहूनच जाते, तसं.

लोक इथं हस्तिदंताच्या बाईसाठी येतात. तिच्यासारखीच एक बाई 1938 साली पार इटलीत, पाँपेईच्या राखेतून निघाली, ती आता नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. पाँपेई गाडलं गेलं इसवी सन 79 मध्ये, म्हणजे त्याच्या आधीच ती तिकडं पोचलेली. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या कुणा ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर आहे आणि तिथलं कापड गाड्यांवर घालून रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला नेतात. रस्ते नसलेल्या हे वाचून मी मोठ्यानं हसलो, कारण सकाळीच माझ्या पाठीचे मणके त्याच मुलखातून आले होते.

पण माझी एक खोड आहे. म्युझियममध्ये मला मूर्ती, तलवारी, नाणी यात फार वेळ रमता येत नाही, मी कोपऱ्यातल्या कपाटाकडं जातो, जिथं कुणी थांबत नाही. तर तिथं खापराच्या चकत्या होत्या. गोल, रुपयाएवढ्या, काही पुरणाच्या पोळीच्या गोळ्याएवढ्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. मी काचेला नाक लावलं आणि तोंडातून निघालंच, अरे, ठिकरी!

ठिकरी कशी करतात हे सांगायची गरज नाही, ज्यांनी केलीय त्यांना माहितीय. फुटलेल्या घागरीच्या पोटाचा तुकडा घ्यायचा, गळ्याचा नको, त्याला बाक फार असतो, आणि दाराच्या पायरीवर थुंकी लावून घासत बसायचं. आमच्या मामाच्या गावी पायरीला तशा चार खाचा पडल्या होत्या, आजी त्याला पोरींची गिरणी म्हणायची. घरं आखायची कोळशानं आणि ठिकरी टाकून लंगडी घालत जायचं. हा पोरींचा खेळ, त्यामुळं मामा मला बघून खोकल्यासारखं हसायचा, पण सुट्टीत माझ्या वयाचा पोरगा वाड्यात दुसरा नव्हताच, काय करणार.

आणि डाव कुणाचा हे ठरवायला तीच ठिकरी, एका बाजूला थुंकायचं, वर उडवायची, ओली का सुकी? कपाटातली एक चकती अर्धवट उलटी ठेवली होती, म्हणून दिसलं, आतून काळी आणि बाहेरून लाल. त्या काळी भांडी भट्टीत उपडी घालून भाजायचे म्हणे, आत हवा जात नाही म्हणून आतला भाग काळा राहतो. म्हणजे त्या पोरांना थुंकायची सुद्धा गरज नव्हती! काळी का लाल, संपला विषय. सातवाहनांच्या काळातल्या पोरांचा हेवा वाटेल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

खरं तर ही खापरं कुठून आली असतील याचा अंदाज आमच्याकडच्या कुणालाही येईल. माळवदाच्या घरावर घालायला पांढरीची माती आणतात ना, त्या मातीत हे सगळं असतंच. पांढर म्हणजे जुन्या गावाचा ढिगारा, पाऊस पडून गेला की मणी, खापरं, मातीची चित्रं वर येतात. लामतुऱ्यांनी असं गावातूनच, शेतातून, पांढरीतून एकेक करून हजारो वस्तू जमवल्या. बाकीचे सगळे तीच माती छतावर घालत होते. आमची ठिकरी घागरीची होती का पांढरीतली हे आता कोण सांगणार, मामाचं गाव पण तेरणाकाठीच.

कुंभाराच्या या गावात गोरोबाकाकांनी संतांची डोकी मडक्यासारखी थापटून बघितली, नामदेवांचं कच्चं निघालं, ते सगळ्यांना पाठ आहे. फुटल्यावर मडक्याचं काय होतं ते कुणी सांगत नाही. ते पोरांच्या हातात जातं.

आमच्यात सगळ्यात चांगली ठिकरी ताईची होती, मामेबहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिची ठिकरी कधीच रेषेवर पडायची नाही. रात्री ती देवळीत दिव्याच्या मागं ठेवायची, आम्हाला हात लावायची बंदी. नववीच्या सुट्टीत तिचं लग्न झालं. लग्नात मांडवाच्या बाहेर आम्ही घरं आखून खेळत होतो आणि ती हळद लावलेल्या पायांनी दारात उभी राहून माझं चुकतंय, पाय टेकला, असं ओरडत होती, मग कुणीतरी तिला आत बोलावलं.

ती सासरी गेली त्या रात्री मी देवळीतून ठिकरी काढून चड्डीच्या खिशात घातली. पुढं कुठल्या तरी शाळेच्या दप्तरात, कुठल्या तरी बदलीत ती हरवली.

संध्याकाळी ताईला फोन केला. गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे म्हणाली, डॉक्टर म्हणतात त्यानंतर मांडी घालायची नाही. मी म्हणालो, तेरला गेलो होतो. ती म्हणाली, दर्शन झालं का नीट?

म्हणालो, झालं.