कच्चं लिंबू, पण किती कच्चं?

लहानपणी माहेरी वाईला आम्ही विट्टीदांडू खेळायचो, म्हणजे खेळायचे मोठे भाऊ आणि मी कच्चं लिंबू. आऊट झाले तरी आऊट नाही, दोन टोले जास्तीचे, आणि एवढं करून हरले की रडारड. आता ४३ व्या वर्षी परत कच्चं लिंबू झालेय, फक्त यावेळी किती कच्चं ते दशांशापर्यंत मोजून मिळतंय. ४०.१. गोल्फमध्ये याला हँडिकॅप म्हणतात.

सगळं सुरू झालं भावजींमुळं. ते पुण्यात एका क्लबचे मेंबर, दिवाळीत म्हणाले वहिनी एकदा चला, नुसतं बघा. बघायला गेले आणि अडकले. आता महिन्यातून दोन रविवार पहाटे साडेचारला साताऱ्यातून निघायचं, आनेवाडी, खंबाटकीचा बोगदा, खेड शिवापूर, आणि सातच्या आत पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिथं, उभं. त्या दिवशी मार्केट यार्डातलं आमचं खत-बियाणांचं दुकान नवरा बघतो. मधल्या दिवसांत गच्चीवर प्लॅस्टिकचा बॉल. सासूबाई उन्हाळ्यात आधीच विचारून ठेवतात, "आज वर तुझी काठी फिरणार आहे का गं? मग मी कुरडया अंगणात घालते."

रीतसर हँडिकॅप मिळवायचा तर मान्यताप्राप्त क्लबमधून यावं लागतं, आपल्याकडं ते काम इंडियन गोल्फ युनियनच्या हाताखाली चालतं. माझी मेंबरशिप अजून व्हायचीय, तोवर नियम तेच वापरून दुकानातल्या एका कोऱ्या वहीत हिशोब चालू केलाय. २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे, आधी सहा वेगवेगळ्या होत्या म्हणे. १८ होलचे तीन राऊंड किंवा ९ चे सहा, एकूण ५४ होल झाले की आकडा निघतो. तो जास्तीत जास्त ५४ असू शकतो, म्हणजे मी एकदम तळाला नाही हे नवऱ्याला तीनदा सांगून झालंय.

पण आकड्याच्या आधी मोजणं आलं, आणि खरी मेख तिथंच आहे.

दुसरा राऊंड, चौथा होल, उजवीकडं तळं. बॉल एकदाचा होलमध्ये पडला, मी पेन्सिल काढली आणि म्हणाले आठ. कॅडी, म्हणजे माझी बॅग घेऊन सोबत चालणारा, शांतपणे म्हणाला, "मॅडम, तेरा." मी म्हटलं कसं शक्य आहे. मग त्यानं बोटांवर मोजून दाखवलं. टीवरून मारलेला पहिला चार पावलं घरंगळला तो मी धरलाच नव्हता, पाण्यात दोन गेले त्यांची पेनल्टी एक-एक अशी दोन, बंकरमध्ये वाळू उडाली आणि बॉल जागचा हलला नाही तो एक, आणि एक नुसताच हवेत फिरवलेला. मी म्हटलं अहो तो लागलाच नाही. तर म्हणतो, "लागला नाही, पण मारायचाच होता ना तुम्हाला? मग धरायचा."

गप्प बसले. कारण दुकानात उधारी मांडताना रोज कोणीतरी म्हणतंच, वहिनी ती एक गोणी धरू नका की, आणि मी हसत हसत धरते. इथं मीच ते गिऱ्हाईक झाले होते.

तर तेरा लिहिले. आता त्यात एक सोय आहे. नवख्याला पहिला हँडिकॅप निघेपर्यंत एका होलला पारपेक्षा (त्या होलला ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा) पाच जास्त एवढंच धरतात, चौथा होल पार ४ चा म्हणून १३ चे ९ झाले आणि १३१ चा राऊंड हिशोबाला १२७. एका होलनं अख्खा राऊंड बुडू नये म्हणून. मला हे फार माणुसकीचं वाटलं.

माझे तीन राऊंड असे धरले गेले: १२१, १२७, ११८. कार्डवर बायकांच्या टीचं कोर्स रेटिंग ७१.८ आणि स्लोप १२४ छापलंय. रेटिंग म्हणजे पट्टीच्या खेळाडूला साधारण किती फटके लागावेत ते, आणि स्लोप म्हणजे त्याच्या मानानं आपल्यासारख्याला कोर्स किती जास्त छळतो ते, नेहमीचा धरतात ११३. स्कोअरमधून रेटिंग वजा करायचं, ११३ नं गुणायचं, स्लोपनं भागायचं. माझे आले ४४.८, ५०.३ आणि ४२.१. (हवामान फारच वेगळं असेल त्या दिवसाची एक दुरुस्तीपण असते, ती माझ्या वहीत नाही.)

मला वाटलेलं आता सरासरी. तर नाही! तीनच स्कोअर असतील तर सगळ्यात चांगला एकच घ्यायचा आणि त्यातून आणखी २ वजा. ४०.१! पुढं २० राऊंड झाले की त्यातल्या उत्तम ८ ची सरासरी. म्हणजे हँडिकॅप तुम्ही रोज कसे खेळता ते सांगत नाही, चांगल्या दिवशी कुठवर जाता ते सांगतो. रोज तेवढं होतच नाही, म्हणून स्वतःला कोसायचं कारण नाही असं भावजी म्हणतात. त्यांचा १७ आहे, त्यांना बोलायला काय जातंय.

त्या कोर्सचा स्लोप जास्त, म्हणून ४०.१ चे तिथं ४४ फटके सवलतीचे मिळतात. पहिल्यांदा ते लावून भावजींशी खेळले आणि शेवटच्या पटपर्यंत (होलजवळच्या हलक्या फटक्यापर्यंत) पुढं होते, शेवटी एकानं हरले. मोठ्या भावांनी लिंबाला कधी एवढं जवळ येऊ दिलं नव्हतं.

पण मग वहीत गंमत झाली. चौथा राऊंड १२४, हिशोबात ४७.६. माझा उत्तम तोच जुना ४२.१, तरी हँडिकॅप ४१.१ झाला. पाचवा १२३, आणि आकडा ४२.१. दोन रविवार मी उतरत्या चेहऱ्यानं फिरत होते की आपण बिघडत चाललोय. शेवटी नवऱ्यानं, ज्यानं आयुष्यात गोल्फची काठी हातात धरली नाही, चष्मा लावून नियमांचा तक्ता वाचला आणि म्हणाला, "अगं, तीन राऊंडला २ वजा, चारला १, पाचला काहीच नाही. ही तुझी सुरुवातीची सूट संपतीये. खेळ आहे तिथंच आहे."

आहे तिथंच, हे त्यानं जरा जास्तच आनंदानं सांगितलं.

सहाव्याला परत नियम बदलतो, उत्तम दोनची सरासरी आणि त्यातून १ वजा. त्यानं लगेच कॅल्क्युलेटर घेतला. काहीच सुधारणा झाली नाही तर ४२.५. १२० मारले तर ४२ च्या खाली नाही पण बरोबर ४२, निदान उतरला तर म्हणता येईल, आणि त्याहून कमी मारले तर ४२ च्याही खाली. चौथ्या होलला मी डावीकडून जाणारे, लांब पडलं तरी चालेल. वहीत रविवारची तारीख टाकून ठेवलीये, आणि कॅडीला फोन करून सांगितलंय की तूच ये.