रायफल उसनी चालते, जॅकेट नाही

एअर रायफल शिकायची म्हटली की घरात पहिला विषय निघतो तो किमतीचा. आमच्याकडेही तेच झालं. वाल्थर, फाइनवर्कबाऊ या जर्मन कंपन्यांच्या रायफलींचे आकडे ऐकून बाबा गप्पच बसले. डिचोलीतल्या आमच्या लहानशा दुकानाच्या जिवावर एवढी रक्कम उभी राहणं कठीणच होतं. तेव्हा माझे प्रशिक्षक, म्हणजे आमचे सर म्हणाले, "रायफल क्लबची वापर. नेमबाजीचं जॅकेट मात्र तुझ्या मापाचंच शिवून घे." त्या एका सल्ल्यावर मी राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचले, म्हणून सविस्तर लिहिते.

दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. उभं राहून 75 मिनिटांत 60 शॉट मारायचे. रायफल साडेपाच किलोपर्यंतची असू शकते, आणि ती हाताच्या ताकदीवर धरायचीच नसते. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं, पाठ मागे झुकते, वजन हाडांवरून थेट पायांत उतरतं. त्या झुकलेल्या पाठीला आधार जॅकेटचा. रायफलीचा खांद्याला टेकणारा बट, गालाखालचा चीकपीस, सगळं पेचांनी पुढेमागे करता येतं; दुसऱ्याची रायफल थोड्या वेळात आपल्या अंगाला बसते. जॅकेटला पेच नसतात. मैत्रिणीचं जॅकेट घालून उभी राहायचे तेव्हा खांद्यात पोकळी राहायची, आणि प्रत्येक शॉटला शरीर नव्यानं जुळवावं लागायचं. स्वतःचं आलं आणि माझे होल्ड, म्हणजे नेम धरून स्थिर राहणं, शांत झाले.

पण गोव्यात ते सांभाळणं हे वेगळंच काम. कॅनव्हास आणि चामडं, वर आपला पावसाळा! जूनमध्ये कपाटात बंद ठेवलंत तर बुरशी धरलीच म्हणून समजा. आमच्याकडे सराव आटोपून आलं की आई आधी जॅकेट पंख्याखाली हँगरला लावते, मग मला चहा. बॅरलही रोज कोरड्या फडक्यानं पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवावं लागतं.

राज्य स्पर्धा, मग विभागीय. किमान स्कोअर करत पुढे सरकायचं. खरी धाकधूक भोपाळला, राष्ट्रीय स्पर्धेत, इक्विपमेंट कंट्रोलच्या म्हणजे सामान तपासणीच्या टेबलावर. तिथे जॅकेटची जाडी मोजतात, कापडाचा एक थर 2.5 मिलिमीटरच्या वर चालत नाही. मग वजन ठेवून बघतात की कापड निदान 3 मिलिमीटर खाली झुकतंय का; त्याहून ताठ असेल तर चालत नाही. आमच्या दमट हवेत मऊ असलेलं जॅकेट तिथल्या कोरड्या थंडीत पुठ्ठ्यासारखं ताठ झालेलं. सरांना हे ठाऊक होतं. त्यांनी सकाळपासून ते मला अंगात घालून फिरायला लावलं. शिवणीपाशी हातानं चोळून मऊ केलं. तपासनिसानं एकेक जागा दाबून पाहिली, शेवटी पास झाल्याचा टॅग लावला, तेव्हा कुठे माझा श्वास मोकळा झाला. सामना त्यामानानं सरळ गेला. अंतिम फेरी फार दूर होती, पण शेवटच्या दहा शॉटांच्या सिरीजपर्यंत पाय हलले नाहीत, आणि त्याचा मला अभिमान आहे.

2024 साली स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून ओळखीचे पालक घरी विचारायला येतात. कुसाळे यांची स्पर्धा 50 मीटरची, .22 रायफलची, तिला परवाना लागतो. आमची 4.5 मिलिमीटरची एअर रायफल, छऱ्याची ऊर्जा 20 जूलच्या आत असेल तर परवान्याची गरज नाही, हे ऐकून अर्ध्यांची भीती जाते. मूल बारा-तेरा वर्षांचं असेल तर मी जॅकेटचीही घाई करू नका म्हणते. वर्षभरात आखूड होतं. तोवर क्लबचं सामान वापरा आणि घरी भिंतीवर ठिपका काढून, छरा न घालता रोज अर्धा तास ड्राय, म्हणजे नुसता नेम आणि ट्रिगरचा सराव करा. उंची वाढायची थांबली की माप द्यायला मुलाला स्वतः घेऊन जा, फोनवर आकडे कळवू नका. रायफलीचा विचार त्यानंतर.