टप्प्याटप्प्यानं माघी वारी आणि दाजींची ट्रॅक्स

आमची वारी सलग नसते हे आधीच सांगून टाकतो. कुणाचं दूध डेअरीचं काम, कुणाची शाळा, कुणाचं दुकान, सलग आठवडाभर सुट्टी कुणालाच मिळत नाही, त्यामुळं थंडी सुरू झाली की रविवारी पहाटे गाडीनं मागच्या वेळी जिथं थांबलो होतो तिथं जायचं, दिवसभर चालायचं, संध्याकाळी परत कोल्हापूर, आणि असं करत करत माघी एकादशीला पंढरपूर गाठायचं. याला वारी म्हणायचं का नाही यावर आमच्या गल्लीत दोन पार्ट्या आहेत. आत्ती म्हणती, "पाय जमिनीवर पडल्यात न्हवं, मग झालं की." ज्यांना हे पटत नाही त्यांना आषाढीला कोल्हापूरजवळच्या नंदवाळची दिंडी आहेच, गावातल्याच मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरातनं निघायचं, पुईखडीला रिंगण बघायचं, संध्याकाळी घरी. तीपण आम्ही करतो म्हणा.

तर पंढरपूरचा रस्ता साधारण पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, हातकणंगले, जयसिंगपूर, मिरज, कवठेमहांकाळ, नागज, सांगोला असा. लोक विचारतात पाय किती दुखले, बूट घातला का चप्पल. अरे पायाचं काय, पाय दुखणारच. खरं डोकं लागतं ते गाडी कुठं आणि कधी लावायची याला.

गाडी म्हणजे दाजींची ट्रॅक्स जीप, जी आधी वडापला, म्हणजे सीटवर भाडं घेऊन माणसं न्यायला होती आणि अजून तिच्या मागच्या सीटवर माणसं किती बसतील याचा अंदाज लागत नाही. पाण्याचे जार, भाकरी, खर्डा, दही, एक सतरंजी, आयोडेक्स, सुकी मोजी, सगळं त्यात. आता नवीन माणूस आला की पहिलं हेच म्हणतो की गाडी आपल्या मागनं हळूहळू येऊ दे. अजिबात नाही! गाडी मागं असली की दोन गोष्टी होतात, एक तर हायवेवर तासाला चारपाच किलोमीटरनं चालणारी गाडी म्हणजे मागच्या ट्रकला आमंत्रण, आणि दुसरं म्हणजे माणूस बसतो. खरंच बसतो. मागं वळून बघितलं, गाडी दिसली, की गुडघा लगेच दुखाय लागतो. म्हणून गाडी पुढं पाठवायची, पाच सहा किलोमीटरवर, दिसणार नाही इतकी लांब पण आत्ती एका दमात पोचंल इतकी जवळ. सकाळी हे अंतर जास्त चालतं, अकरानंतर ऊन लागलं की कमी करायचं.

जागापण कुठलीही चालत नाही. कोल्हापूर ते जयसिंगपूर या पट्ट्यात माघात सगळ्यात मोठी भीती उसाच्या ट्रॅक्टरची. गाळप जोरात असतं, एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूनं बाहेर आलेला, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाल्यात झाकलेला, आणि पुढं टेपवर गाणी एवढी मोठ्यानं की हॉर्न ऐकूच जात नाही. पहाटेच्या अंधारात असली ट्रॉली अंगावरनं गेली की पाला तोंडाला घासून जातो, हे मी सांगून कळणार नाही. म्हणून आम्ही उजव्या बाजूनं, समोरची गाडी दिसंल असं चालतो, एकामागं एक, पुढच्याच्या हातात पताका आणि शेवटच्याच्या पाठीवर रेडियमचं जॅकेट. मोठ्या दिंडीची गोष्ट वेगळी, तिला रस्ता मिळतो, दहाबारा माणसांना कोण विचारतंय. आणि ट्रॅक्स थांबणार ती कायम गावात जाणाऱ्या फाट्यावर आत वळून, हेर्ले असो नाहीतर चोकाक, हायवेच्या कडेला पांढऱ्या पट्टीवर कधीच नाही.

जयसिंगपुरात गाडी सापडत नाही असं कधी होत नाही. गावच आखून बसवलेलं, सरळ रस्ते, गल्ल्यांना नंबर, फोनवर गल्ली नंबर सांगितला की संपलं. पुढं उदगाव सोडलं की कृष्णेवरचा पूल, पलीकडं अंकली, म्हणजे सांगली जिल्हा लागला. त्या पुलावर मात्र थांबायचं नाही, सेल्फीसुद्धा नाही, एवढं मी खडसावून सांगतो.

मिरजेच्या पुढं गणित बदलतं. रस्ता चौपदरी झालाय, गाडीवाल्याला मजा, चालणाऱ्याला नाही, रुंदीकरणात कडेची जुनी झाडं गेली त्यामुळं सावलीसाठी हॉटेलचा मंडप नाहीतर पुलाखालचा बोगदा. सगळ्यात बेकार म्हणजे डिव्हायडर. आपण एका बाजूला, गाडी दुसऱ्या बाजूला, मधे कट कुठं तर अजून दोन तीन किलोमीटर पुढं, आणि आत्ती डिव्हायडर ओलांडणार म्हणून पदर खोचून तयार. त्यात आम्ही जमंल तिथं जुन्या रस्त्यानं गावातनं चालतो, कारण गावात पाणी, पार, देऊळ, चहा सगळं मिळतं, आणि गाडी जाते बायपासनं, म्हणजे दोघं एकमेकांना दिसतच नाहीत. म्हणून आदल्या रात्री मोबाईलवर नकाशाचा सॅटेलाईट व्ह्यू मोठा करून मी कट, सर्व्हिस रोड आणि बोगदे बघून ठेवतो आणि दाजींना वहीच्या कागदावर लिहून देतो. फोन लागेलच असं नाही, कागद बरा.

दंडोबाचा डोंगर दिसायला लागला की हवा कोरडी होते, ऊस कमी, द्राक्षबागा जास्त, ओठ फुटतात. इथनं पाणी दुप्पट घ्यायचं.

टप्पा जिथं संपतो तिथली खूण फार महत्त्वाची. आमच्यात ठरलंय की किलोमीटरच्या दगडालाच थांबायचं, आधी नाही की नंतर नाही. दगडाला हात लावायचा, फोटो काढायचा, पुढच्या वेळी त्याच दगडाला हात लावून रामकृष्णहरी म्हणून चालायला लागायचं. एकदा एका पाव्हण्यानं "चला की, पन्नास पावलांनी काय होतंय" म्हटलं तर आत्तीनं त्याला गाडीतनं उतरवून दगडापर्यंत मागं चालवत नेला.

पण रोज घरी यायची ही पद्धत कवठेमहांकाळपर्यंतच परवडते. नागज, जुनोनी, सांगोला इथं पोचायलाच गाडीत दोन अडीच तास, यायला तेवढेच, मग चालणार कधी? तिथनं पुढं आम्ही मुक्काम करतो, देवळात नाहीतर ओळखीच्या घरी, आणि शेवटचा सांगोला ते पंढरपूर सलग. मिरज पंढरपूर रेल्वे याच भागातनं जाते हा एक आधार, कवठेमहांकाळ आणि सांगोल्याला स्टेशन आहे, कुणाला अचानक परत जायचं झालं तर गाडी अडकून पडत नाही. फक्त टाईम आधी बघून ठेवायचा, गाड्या मोजक्याच आहेत.

पंढरपुरात तर गाडी विसराच. वारीच्या दिवसांत वाहनं गावाबाहेरच थांबवतात, पार्किंग कुठं ते तिथं गेल्यावरच कळतं. आणि कृपा करून "नामदेव पायरीजवळ भेटू" असं ठरवू नका, अख्खा महाराष्ट्र तेच ठरवून आलेला असतो आणि एकादशीला नेटवर्क नसतं. आम्ही एसटी स्टँडच्या गेटवर भेटतो. आत्तीनं रांग धरली, आम्ही बाकीचे मुखदर्शन आणि कळसावर समाधान.

एक गोष्ट मात्र बरोबर वाटत नाही. दाजी. एवढी सगळी वारी माणसानं क्लचवर केली, चालले फक्त पार्किंगपासून देवळापर्यंत. पुढच्या वेळेपासून ड्रायव्हर दोन, अर्धा टप्पा एकानं गाडी चालवायची, अर्धा दुसऱ्यानं, असं ठरलंय. दाजी तयार आहेत, फक्त ट्रॅक्सचा दुसरा गिअर कसा टाकायचा हे शिकवायला त्यांना एक अख्खा रविवार पाहिजे म्हणे.