वाढायचं काम

शताब्दी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा शाळेचा निरोप आला, तेव्हापासून मला बोर्डिंगची पडवीच दिसते आहे. शेणाने सारवलेली जमीन, भिंतीला पाठ लावून बसलेल्या आम्ही मुली, आणि भाकऱ्यांची पाटी कडेवर घेऊन ओळीने चालणाऱ्या मोठ्या बाई.

१९७२चा दुष्काळ. मी सहावीत होते. नगर जिल्ह्यातल्या विहिरींनी तळ गाठला होता आणि आमचे आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडत होते. बोर्डिंगमध्ये मिलो यायचा, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिच्या पिठाला चिकटपणा नाही, थापताना भाकरीच्या कडा फाटायच्या. तरी दोन वेळा ती ताटात पडत होती. गावाकडे तेवढंही नव्हतं.

माझ्या शेजारी पाथर्डीकडची एक मुलगी बसायची. एका रात्री तिच्या पेटीला मुंग्या लागल्याची कुरबुर सुरू झाली. पेटी उघडली तर परकराच्या घडीत भाकरीचे वाळलेले तुकडे निघाले. ‘चोरटी’ हा शब्द कुणीतरी उच्चारलाच. मोठ्या बाई कंदील घेऊन आल्या. एक तुकडा त्यांनी बोटांत धरून मोडून पाहिला, बाकीचे मोजले.

“चार दिवसांचे आहेत. म्हणजे ही पोर चार दिवस अर्ध्या भाकरीवर झोपतेय.” मग माझ्याकडे वळल्या. “तू हिच्या शेजारीच जेवतेस ना गं?”

त्या रागावल्या नव्हत्या. पण मला मान वर करवेना. मांडीला मांडी लावून जेवत होते मी तिच्याबरोबर, आणि माझी नजर माझ्या ताटाबाहेर गेली नव्हती. आई भेटायला येईल तेव्हा धाकट्या भावांसाठी द्यायचे म्हणून ती ते तुकडे साठवत होती.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर तिची आई आली, कडेवर एक, बोटाला एक. बाई दारापर्यंत गेल्या. “सलाम बाई. आधी जेवायला बसा, मग लेकीशी बोला.” तेव्हापासून बोर्डिंगचा तो नियमच झाला. भेटायला येईल त्याने आधी पंगतीला बसायचं, मग तो कुणीही असो. सगळ्यांनाच बसवल्यावर लाजायचं कुणी? ते धान्य कुठून येत होतं, हे स्वयंपाकाच्या मावशींनी मला फार वर्षांनी सांगितलं. बाईंनी त्यांना भाकरी जराशी लहान थापायला सांगितली होती. आमच्यातल्या एकीच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

बाईंची आजी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आलेली. पंडिता रमाबाईंनी तिथून ज्या उपाशी मुली आणून केडगावला सांभाळल्या, त्यांतली एक. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या उपासमारीतच गेले होते. बाई ही गोष्ट सांगायच्या तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा.

त्याच आठवड्यात संध्याकाळच्या प्रार्थनेला त्यांनी बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय काढला. यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत रोज अन्न वाटलं जायचं आणि त्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा मागे राहायच्या. तक्रार झाली. मग त्या कामासाठी सात माणसं निवडायची ठरली, ती कशी? पवित्र आत्म्याने आणि शहाणपणाने भरलेली. “बघा गं,” बाई म्हणाल्या, “संदेश द्यायला नव्हे, वाढायला!” त्या सातांतला स्तेफन पुढे ख्रिस्तासाठी दगडमार सोसून मेला. जग त्याला हुतात्मा म्हणून ओळखतं. आमच्या बाई त्याला नेहमी ‘वाढपी’ म्हणायच्या, आणि त्या शब्दात केवढा मान असायचा.

वाढायची पाळी आम्हा प्रत्येकीवर यायची आणि बाई बारीक लक्ष ठेवायच्या. पाटी घेऊन शेवटच्या मुलीपासून सुरुवात करायची. जी सगळ्यांत आधी ‘पुरे’ म्हणते, तिच्याकडे पुन्हा जायचं आणि हळू आवाजात विचारायचं. माझं खरं शिक्षण मी या पडवीत झालेलं मानते.

पुढे मी मिरजेला नर्सिंग शिकले, डॉ. वॉन्लेस यांनी सुरू केलेल्या मिशन रुग्णालयात. नंतर नोकरीनिमित्त बरीच गावं झाली. त्यातल्या एका वॉर्डात अर्धांगवायूचे एक आजोबा होते. तक्त्यावर तीन दिवस एकच नोंद होती, ‘जेवण निम्मे’. घरचे म्हणायचे, भूकच मेली त्यांची. एका दुपारी मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. ताटाच्या उजवीकडचा भात त्यांनी शितही न ठेवता संपवला. डावीकडची भाजी-पोळी मात्र जशीच्या तशी, मधून रेघ ओढल्यासारखी. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली, की काही रुग्णांच्या लेखी डावी बाजू उरतच नाही. डोळे चांगले असतात, पण लक्ष तिकडे जात नाही. मी ताट फिरवलं.

“अगं, भाजी पण आहे होय!” आजोबा म्हणाले, आणि जेवू लागले.

मला एकदम पडवीतली माझी जागा आठवली. माझेही डोळे तेव्हा चांगलेच होते.

आपल्या मंडळ्यांतून नाताळात ब्लँकेटं वाटली जातात, साड्या वाटल्या जातात. ते व्हायलाच हवं, मीही जाते. पण आंधळ्या बार्तीमयाला काय हवंय हे सगळ्या गर्दीला दिसत असताना प्रभू येशू थांबला आणि त्याने त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करू? आपण विचारायला थांबत नाही, याचं मला वाईट वाटतं. गठ्ठा संपवून परत येतो.

मोठ्या बाई आता नाहीत. पाथर्डीची माझी मैत्रीण मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. शताब्दीला आम्ही दोघी येतोय. संयोजकांना एकच विनंती आहे. आम्हाला व्यासपीठावर बसवू नका, दुपारच्या पंगतीत वाढायला घ्या. पाटी आम्ही शेवटच्या ओळीकडून सुरू करू.