हलकं फ्लायव्हील, नवा सेल्फ आणि उलटी बसवलेली रिंग

सेल्फ मारला की इंजिन फिरायच्या ऐवजी दातावर दात घासल्याचा कर्रर्र आवाज. तीन आठवडे मी हा आवाज ऐकला, आणि तीन आठवडे फ्लायव्हील (इंजिनच्या मागे फिरणारं जड चाक; त्याच्या कडेवरच्या दातेरी रिंगमध्ये सेल्फचा गिअर अडकतो) विकणाऱ्याकडून एकच उत्तर येत राहिलं: बॅटरी तपासा. तो राग अजून गेलेला नाही.

माझी गाडी जुनी, दोन सीटची, चार सिलिंडरची स्पोर्ट्स कार. मूळ फ्लायव्हील बिडाचं, साडेनऊ किलोचं. नवं घेतलं ते स्टीलचं, साडेपाच किलोचं. जुनंच लेथवर उतरवून घे, असं दोघातिघांनी सुचवलं होतं. तसं करू नका. बीड ताणाला कच्चं असतं. जास्त रेसला फुटलं तर तुकडे बेलहाउसिंग, म्हणजे क्लचवरचं धातूचं आवरण, फोडून थेट पायांपर्यंत येतात. घेताना नुसते किलोही बघू नका. वजन कडेला किती आणि मध्ये किती हे बघा, कारण मध्यापासून १४ सेंटिमीटरवरचा एक किलो ७ सेंटिमीटरवरच्या चार किलोंइतका जड पडतो.

इंजिन उतरवणं, मागचं ऑइल सील बदलणं, नवे बोल्ट टॉर्क रेंचने आवळणं, क्लच प्लेट मधोमध धरून प्रेशर प्लेट लावणं हे सगळं दीड दिवसात झालं. इंजिन बाहेर आहेच तर सेल्फही बदलू, म्हणून जुना काढून आतून गिअर असलेला, वजनाला हलका सेल्फ लावला.

आणि तिथेच अडलं. दहातल्या चार वेळा गाडी झटक्यात सुरू व्हायची, उरलेल्या सहा वेळा कर्रर्र. विक्रेत्याच्या सांगण्यावरून बॅटरी तपासली: उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.८. म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग म्हणाला, अर्थिंग बघा. इंजिनचा ब्लॉक आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यात मीटर लावून सेल्फ मारला, जेमतेम ०.१ व्होल्ट. तेही ठीक. मग सेल्फ खराब असेल म्हणाला. सेल्फ काढून टेबलावर चालवला, पिनियन, म्हणजे रिंगमध्ये शिरणारा सेल्फचा छोटा गिअर, दर वेळी पूर्ण बाहेर येत होता. हे सगळे आकडे, फोटो आणि व्हिडिओ मी पाठवले. पाच दिवसांनी उत्तर आलं: फिटिंगमध्ये चूक असेल. माझ्या हातून एक बोल्टसुद्धा मापाबाहेर आवळला गेला नव्हता, त्यामुळे हे वाक्य फार लागलं.

एक गोष्ट मात्र खटकत होती. आवाज आला की गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून वीतभर ढकलायची, की पुढच्या वेळी हमखास सुरू. म्हणजे गडबड विजेची नव्हती, इंजिन कुठे थांबतंय याची होती. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा समोरासमोरच्या दोनच जागी थांबतं. सेल्फ काढून त्या भोकातून बारीक कॅमेरा आत घातला आणि क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवत एकेक दात बघत गेलो. अगदी त्याच दोन जागी सात-आठ दातांच्या कडा चपट्या होऊन चकाकत होत्या, आणि त्यांवर बोटाला लागेल अशी धारदार बर, म्हणजे दबून वर आलेली धातूची कड, आली होती. बाकीचे दात कोरे. पण पिनियनकडची प्रत्येक दाताची कड काटकोनात, सरळ. पिनियनला आत शिरायला लागतो तो चॅम्फर, म्हणजे कडेचा तिरका उतार, पलीकडच्या बाजूला होता. रिंग उलटी बसवलेली होती.

हे होतं कसं तेही सांगतो. जुन्या बेंडिक्स सेल्फमध्ये पिनियन फिरण्याच्या झटक्याने आट्यांवरून सरकतो. अनेक जुन्या इंजिनांत तो मोटरीच्या दिशेने ओढला जातो. नव्या प्रकारात आधी सोलेनॉइड (विजेवर चालणारं चुंबक) पिनियनला मोटरीपासून दूर, रिंगमध्ये ढकलतो आणि मग मोटर फिरते. शिरण्याची दिशा बदलली की चॅम्फरची बाजूही बदलते. एमजीबीसारख्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांनी हा बदल १९६० च्या दशकाच्या अखेरीस केला, त्यामुळे त्या काळातल्या गाड्यांना दोन्ही तऱ्हांच्या रिंगा मिळतात. मी ऑर्डर देताना सेल्फचा प्रकार स्पष्ट लिहिला होता.

इंजिन पुन्हा बाहेर. दोन दातांच्या मधे भोक पाडून छिन्नीचा एक घाव घातला आणि रिंग तडकून सुटली. नवी रिंग ओव्हनमध्ये २२० अंशांपर्यंत तापवली. गॅसच्या टॉर्चने करणार असाल तर रंगावर नजर ठेवा: फिकट पिवळा चालेल, निळा झाला की दातांचं पाणी उतरलं, ती रिंग फेकायची. गरम रिंग चिमट्याने धरून ठेवली, ती आपल्या वजनाने खाली गेली आणि टण्ण वाजून बसली. त्या आवाजाने तीन आठवड्यांचा शीण गेला.

आधी सांगायचं राहिलं: फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट एकत्रच बॅलन्स करून घ्या, आणि सोडण्याआधी दोन्हींवर पंचाने खूण करा. ती खूण केली होती म्हणूनच दुसऱ्या वेळी तासाभरात जुळलं. सेल्फ लावल्यावर थांबलेला पिनियन आणि रिंग यांत मला ३ मिलिमीटर फट मिळाली, फट जुळवायला मधे शिम, म्हणजे पातळ पत्रा, घालायची गरज पडली नाही.

आता रेस सोडली की सुई पटकन खाली येते, गिअर बदलताना वाट बघावी लागत नाही. चढावर गाडी हलवायला मात्र थोडी जास्त रेस लागते. आयडलिंग ८०० आरपीएमवर थरथरत होतं, ते ९५० वर नेऊन ठेवलंय. विक्रेत्याला चपट्या दातांचे फोटो पाठवले. रिंगचे पैसे परत आले, सोबत एक ओळही नव्हती.