कोबॉटला धक्का कोण मारत होतं?

मी चाकण एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत ऑटोमेशन मेंटेनन्सला आहे, नाव नको उगाच. आमच्याकडं पंप असेंब्लीच्या लाइनवर एक कोबॉट, म्हणजे माणसासोबत काम करणारा रोबोटचा हात, बसवलाय. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, वेल्ड शॉपमधले मोठे रोबोट जाळीच्या आत असतात, दार उघडलं की इंटरलॉक (दाराला जोडलेला सेफ्टी स्विच) तुटतो आणि सगळं जागेवर थांबतं. कोबॉटला जाळी नसते. तो माणसाच्या शेजारीच काम करतो, कुणाला लागला तर मोटरच्या टॉर्कवरून त्याला कळतं आणि तो थांबतो. याला म्हणायचं प्रोटेक्टिव्ह स्टॉप. मग कुणीतरी येऊन, सगळं ठीक आहे ना बघून, पेन्डंटवर (रोबोट चालवायच्या हातातल्या स्क्रीनवर) अनलॉक करायचं.

तर हा कोबॉट रोज फर्स्ट शिफ्टला मरायला लागला. म्हणजे बिघडत नव्हता, नुसता थांबायचा. साडेनऊ-दहापर्यंत एकदम मस्त चालायचा आणि मग स्टॉप, अनलॉक, परत अर्ध्या तासात स्टॉप. जेवणाच्या सुट्टीनंतर तासभर परत गुणी बाळासारखा, आणि शिफ्ट सुटायच्या आधी परत तेच. प्रॉडक्शन मॅनेजरनं मॉर्निंग मीटिंगला माझं नाव घेऊन विचारलं की एवढे पैसे घातले ते थांबायला घातले का.

आता खोटे स्टॉप येतात, त्याची नेहमीची कारणं ठरलेली असतात. सगळ्यात आधी पेलोड बघायचा. ग्रिपर (पार्ट पकडणारा चिमटा) आणि पार्टचं वजन प्रोग्रामला चुकीचं दिलं असेल किंवा वजनाचा मध्य चुकला असेल तर त्याला वाटतं कुणीतरी हात दाबतंय. मी वजनकाट्यावर ग्रिपर आणि हाउसिंग (पंपाचं बाहेरचं कवच, म्हणजे आमचा पार्ट) दोन्ही तोलून बघितलं, बरोबर होतं. मग हवेची नळी आणि केबल हाताला कुठं ओढ देतायत का बघितलं, बेसचे बोल्ट टॉर्क रेंचनं तपासले. काही नाही. शेवटी लॉग काढला आणि त्यात एक गोष्ट डोळ्यात भरली, सगळे स्टॉप एकाच पोझिशनला होते. चालताना एकही नाही. पार्ट समोर धरून उभा असताना, आणि धक्का दर वेळी एकाच बाजूनं, ऑपरेटरच्या बाजूनं.

काम काय होतं ते सांगतो म्हणजे पुढचं कळेल. कोबॉट ट्रेमधून तीनेक किलोचं ॲल्युमिनियमचं हाउसिंग उचलतो आणि ऑपरेटरसमोर हवेत धरतो. ऑपरेटर ताई खाचेत ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी रिंग) बसवतात, दोन क्लिप दाबतात, सेन्सरला क्लिप दिसल्या की कोबॉट पार्ट पुढच्या फिक्श्चरवर (पार्ट पकडून ठेवणाऱ्या साच्यावर) ठेवतो आणि दुसरा घेऊन हजर. पूर्वी ते तीन किलो ताई स्वतः वाकून उचलायच्या, दिवसभर. म्हणजे हा कोबॉट आणला तोच मुळी ‘एर्गोनॉमिक्स सुधारणा’ म्हणून, म्हणजे काम अंगाला सोयीचं करायला, त्याचा फोटो कायझेन (सुधारणांच्या) बोर्डवर अजून आहे.

त्या दिवशी मी लॅपटॉप जोडून कॉलमच्या मागं उभा राहिलो. दहाच्या सुमाराला बघतो तर ताईंनी क्लिप दाबता दाबता उजवं कोपर अलगद पुढं सरकवलं आणि कोबॉटच्या हातावर टेकवून अंगाचा भार दिला. लाल दिवा. ताईंनी दोन्ही हात खाली सोडले, खांदा गोल फिरवला, मान एकदा इकडं एकदा तिकडं, पाण्याच्या बाटलीतला एक घोट. लाइन लीडर दुसऱ्या टोकाला होता, तो येऊन अनलॉक करेपर्यंत मिनिट-दीड मिनिट गेलं. तेवढ्यात ताई ताज्या!

खरं सांगू, आधी मला हसू आलं. कारण डोकं बघा ना, सेफ्टी फंक्शनचा वापर ब्रेकसारखा केला होता, आणि तोही अशा मशीनवर जे धक्का लागला तर थांबायलाच बनवलंय. मग लक्षात आलं की हे मी मीटिंगला जसंच्या तसं सांगितलं तर उद्या ताईंना एचआरचं पत्र, कारण त्या कॉन्ट्रॅक्टवर, आणि ‘मुद्दाम लाइन थांबवली’ एवढंच वाक्य पुरेसं असतं.

चहाच्या सुट्टीत गेलो त्यांच्याकडं. ‘ताई, तुमचं कोपर बघितलं मी’ म्हणलं. त्या घाबरल्या, मग म्हणाल्या, ‘दादा, तुम्ही उभं राहून बघा ना तिथं.’ राहिलो. चांगला तासभर केलं काम आणि मला काहीसुद्धा झालं नाही! म्हणलं ताई, मला तर सोपं वाटलं. त्या माझ्याकडं खालून वर बघत म्हणाल्या, ‘तुमची उंची बघा आणि माझी बघा.’

मेजर टेप आणला. पार्ट धरला जायचा जमिनीपासून 128 सेंटिमीटरवर. माझं कोपर 109 वर येतं, ताईंचं 97 वर. म्हणजे ओ-रिंग दाबायला त्यांना प्रत्येक वेळी हात कोपराच्या एक फूट वर उचलून, खांदे कानाकडं ओढून, वरून जोर द्यावा लागायचा. फोटो काढून रूला शीट भरली, म्हणजे काम करताना शरीर किती अवघडतं ते तपासायचा तक्ता. ही पद्धत 1993 पासून आहे, दंड किती उचललाय, मनगट किती वाकलंय, मान कशी आहे याचे गुण देऊन 1 ते 7 स्कोअर काढायचा, 7 आला तर लगेच बदला. ताईंचा 7 आला, माझा 4. तेच स्टेशन, तोच कोबॉट.

आणि दुसरी गोष्ट, जी टेपनं मोजता येत नाही. पूर्वी ताई पार्ट घ्यायला वळायच्या, वाकायच्या, ते वाईटच होतं कमरेला, पण तेवढ्यात हात खाली यायचे. आता ते काम कोबॉट सहा सेकंदात करतो आणि त्या सहा सेकंदात ताई पुढची ओ-रिंग ग्रीस लावून बोटांवर ताणून तयार उभ्या, कारण उशीर झाला की बोर्डवर सायकल टाइम (एका पार्टला लागणारा वेळ) लाल. कंबर वाचली, खांदा गेला.

मग मी शोधलं की 128 ठरवले कुणी. इंटिग्रेटरचा, म्हणजे कोबॉट बसवून देणाऱ्या कंपनीचा, माणूस उंच होता हे एक, पण खरं कारण रिस्क असेसमेंटच्या फाइलमध्ये सापडलं आणि ते वाचून मी गप्प झालो. कोबॉटचा हात खाली धरला की ग्रिपर आणि टेबलाच्या मध्ये ऑपरेटरचा हात चेपू शकतो. चेपू नये म्हणून स्टँडर्डमध्ये कमीत कमी फटी दिल्यात, बोटाला 25 मिमी, पंजाला 100, हाताला 120, डोक्याला 300. ती 120 ची फट सुटावी म्हणून सगळंच वर उचललं होतं. सेफ्टीसाठीच! कागदावर एकदम बरोबर. आयएसओच्या 2016 च्या टीएस 15066 या कोबॉटच्या सेफ्टीच्या कागदात शरीराचे 29 बिंदू दिलेत, कुठं किती जोर चालतो ते न्यूटनमध्ये, पंजाला दाबून धरलं तर 140, तोंडाला 65. आमच्याकडं स्प्रिंगचं यंत्र आणून हे सगळं मोजलं होतं, रिपोर्ट रंगीत. आणि धोक्यांच्या यादीत एर्गोनॉमिक्सची पण एक ओळ असते, ती आमच्या शीटवर पण होती, समोर लिहिलेलं ‘लागू नाही’.

इंडक्शनला आम्ही लोकांना काय सांगतो, 1979 ला अमेरिकेत फ्लॅट रॉकच्या फोर्डच्या फाउंड्रीत रॉबर्ट विल्यम्स हा कामगार रोबोटच्या हाताचा फटका बसून गेला, 2015 ला हरियाणात मानेसरला एक कामगार रोबोटमुळं गेला. ते सांगायलाच पाहिजे, जाळीत शिरणाऱ्याला भीती पाहिजेच. पण त्यामुळं सगळ्यांच्या डोक्यात रोबोटचा धोका म्हणजे टक्कर एवढंच बसलंय. ताईंचा खांदा अपघात रजिस्टरला कधीच आला नसता. त्या रोज रात्री बाम लावत होत्या आणि आमचा ‘अपघातमुक्त दिवस’ बोर्ड रोज एकानं वाढत होता.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: रूट कॉज, होल्ड पोझिशनची उंची ऑपरेटरला जुळत नसल्यानं काम करताना शरीराचा स्पर्श. एक अक्षर खोटं नाही त्यात. सेफ्टीवाल्या साहेबांनी चष्म्यावरून बघितलं, त्यांना कळलं असणार, पण त्यांनी सही केली. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाला, मग ताईंच्या पायाखाली प्लॅटफॉर्म द्या, दोन हजारात काम होईल. आता प्लॅटफॉर्मवरून दिवसभर उतरचढ, त्यात ग्रीस सांडलेलं, म्हणजे खांदा सोडून घोटा. आणि सेकंड शिफ्टच्या सहा फुटी पोराचं काय? यावर चांगली अर्धा तास वादावादी झाली.

शेवटी हवेत धरणंच बंद केलं. टेबलावर ऑपरेटरकडं झुकवलेली दोन नेस्ट (पार्ट बसायच्या खोबणी) बनवली, ताई एकावर काम करतात तेव्हा कोबॉट दुसऱ्यात पार्ट ठेवतो, म्हणजे दोघांनाही एकमेकांची वाट बघत ताटकळायला नको. टेबलाला तीन उंचीची भोकं आणि पिन, प्रोग्रामला तीन रेसिपी, म्हणजे प्रत्येक उंचीचं वेगळं सेटिंग. पिन एका भोकात आणि रेसिपी दुसरीच असली तर कोबॉट सुरूच होत नाही, त्यासाठी प्रॉक्सिमिटी सेन्सर लावले. नेस्टजवळ चेपायचा धोका परत आला म्हणून तिथं स्पीड उतरवला आणि तिन्ही उंचीला जोर नव्यानं मोजून घेतला, याच्या बिलावरून अजून कुरकुर चालू आहे. आणि झालेला पार्ट उचलायचा कधी ते ताईंच्या कमरेजवळच्या टच बटणावर. याला मॅनेजरचा सगळ्यात जास्त विरोध होता, सायकल ऑपरेटरच्या हातात दिली की पार्टचा नंबर पडणार म्हणे. स्पीड उतरवूनही नंबर जवळपास तेवढाच आला, कारण अनलॉकसाठी जाणारा वेळ वाचला.

खांदा लगेच बरा झाला असं नाही. डॉक्टरनी व्यायाम दिलाय, आम्ही ताईंना दर दोन तासांनी इन्स्पेक्शन टेबलशी रोटेशनवर टाकलंय, तिथं हात खाली राहतात.

परवा ताई म्हणाल्या, दादा, आता मध्ये वेळ मिळतो तर टेकायला स्टूल द्या की. बरोबरच आहे, उभ्यानं काम करणाऱ्याला बसायची सोय द्यायची हे 1948 च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम 44 मध्येच लिहिलेलं होतं. उंची कमी-जास्त होणारं टेकायचं स्टूल शोधलं आणि पीआर (खरेदीची मागणी) टाकला. पर्चेसवाल्यानं फोन केला, ‘रोबोटच्या स्टेशनला स्टूल कशाला?’ आणि आता तीन कोटेशन मागतोय.